कशावरून? : शाळेत इतिहास शिकायचा तो कशासाठी

२५ एप्रिल १९८३ रोजी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात 'स्टर्न' या साप्ताहिकानं मोठी पत्रकार परिषद भरवली. हिटलरच्या हातच्या रोजनिशीच्या साठेक वह्या आपल्याला मिळाल्या आहेत, असं त्यांनी जाहीर केलं. या वह्यांसाठी साप्ताहिकानं नव्वद लाखांहून जास्त मार्क मोजले होते. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर हिटलरचंच असल्याचा निर्वाळा दिला होता. ह्यू ट्रेव्हर-रोपर या नामवंत ब्रिटिश इतिहासकारानं झुरिकच्या बँकेत जाऊन वह्या पाहिल्या होत्या आणि त्या अस्सल असल्याचं मत छापूनही आलं होतं.

पुढे दोन आठवड्यांच्या आत सगळं कोसळलं. ६ मे रोजी पश्चिम जर्मनीच्या सरकारी अभिलेखागारानं वह्या बनावट ठरवल्या. कागदात पांढरेपणा आणणारं एक रसायन सापडलं, आणि ते महायुद्धानंतरच वापरात आलेलं होतं. मजकुराचा बराच भाग हिटलरच्या भाषणांच्या एका छापील संग्रहातून उतरवलेला होता. त्या संग्रहातल्या चुकासुद्धा रोजनिशीत जशाच्या तशा आल्या होत्या. वह्या लिहिणारा कोनराड कुयाऊ हा सराईत बनावटकार निघाला.

मग हस्ताक्षरतज्ज्ञ कसे फसले? तुलना करायला म्हणून त्यांना 'हिटलरची खरी पत्रं' देण्यात आली होती, त्यांतही कुयाऊनंच बनवलेले कागद मिसळलेले होते. त्याच्या अक्षराशी त्याचंच अक्षर ताडून पाहिलं, आणि ते जुळलं.

माध्यमिक शाळेत इतिहास का शिकवायचा, या प्रश्नाचं माझं उत्तर या घटनेत जवळजवळ सगळं आहे. इथे माहिती कमी पडली असं म्हणता येत नाही. ट्रेव्हर-रोपर यांचं तर हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरचं पुस्तक गाजलेलं होतं. कमी पडले ते अगदी साधे प्रश्न. या वह्या कुणाकडून आल्या? अडतीस वर्षं त्या कुठे होत्या? मधल्या काळात त्या कुणाकुणाच्या हातांतून गेल्या? एवढी मोठी रोजनिशी हा माणूस लिहीत होता, तर त्याच्या रोजच्या सहवासातल्या लोकांनी तिचा उल्लेख कसा केला नाही? पत्रकार परिषदेतच ट्रेव्हर-रोपर यांचा सूर बदलला होता. बातमी लवकर देण्याच्या घाईत इतिहासकाराची नेहमीची पडताळणी मागे पडली, अशी खंत त्यांनी तिथे बोलून दाखवली.

या सगळ्या पडताळणीसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: कशावरून? कुणी काही सांगितलं की आपण सहज विचारतो, "कशावरून?" या एका शब्दाला शिस्त लावणं, त्याची पद्धत बनवणं, हे शाळेतला इतिहास करू शकतो.

भूतकाळ आणि इतिहास

या दोन गोष्टी एक नाहीत, आणि घोळ इथूनच सुरू होतो. भूतकाळ घडून गेला. तो परत आणता येत नाही, प्रयोगशाळेत पुन्हा घडवता येत नाही. मागे उरतात त्याचे तुकडे: पत्रं, हिशेबाच्या वह्या, नाणी, शिलालेख, जमिनीत सापडलेली खापरं, कुणाच्या तरी आठवणी. या तुकड्यांवरून काय घडलं असावं याची केलेली कारणासहित मांडणी म्हणजे इतिहास. म्हणूनच भूतकाळ बदलत नाही, पण इतिहास बदलू शकतो. नवा कागद सापडला, जुनी लिपी वाचता आली, आधी कुणी न विचारलेला प्रश्न विचारला गेला, की मांडणी बदलते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडली. अशोकाचे शिलालेख त्याआधीही शेकडो वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर उभेच होते, पण त्यांवर काय लिहिलंय हे कुणालाच वाचता येत नव्हतं.

आपला 'इतिहास' हा शब्द 'इति ह आस' यातून आला: असं खरोखर घडलं. युरोपी भाषांमधला शब्द ग्रीक 'हिस्तोरिया'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'चौकशी'. एक शब्द सांगतो, दुसरा विचारतो. लहान वर्गांमध्ये पहिल्याचं राज्य असावं हे मला मान्य आहे. आठ वर्षांच्या मुलाला गोष्ट हवी असते, पराक्रम हवा असतो, आणि ते योग्यच आहे. पण बारा-तेराव्या वर्षानंतरही 'असं घडलं, पाठ करा' एवढंच चालू राहिलं, तर चौकशीची पाळी कधी येतच नाही. बहुतेकांचा इतिहासाशी संबंध दहावीच्या आसपास कायमचा संपतो. त्याआधीची ही तीन-चार वर्षं म्हणूनच फार मोलाची आहेत.

कागदाच्या तळाशी काय लिहिलंय?

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ सॅम वाइनबर्ग यांचा १९९१ सालचा एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यांनी आठ इतिहासकार आणि माध्यमिक शाळेतले आठ हुशार विद्यार्थी निवडले. सगळ्यांना १७७५ सालच्या लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीचे कागद वाचायला दिले. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात या चकमकीनं झाली, आणि पहिली गोळी कुणी झाडली हे आजही ठामपणे सांगता येत नाही. अमेरिकी बाजूच्या साक्षी म्हणतात ब्रिटिशांनी, ब्रिटिश अधिकाऱ्याची रोजनिशी म्हणते बंडखोरांनी.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक कागद वरून खाली, धडा वाचावा तसा वाचला. इतिहासकारांची नजर मात्र बहुतेक वेळा आधी तळाशी गेली: हे कुणी लिहिलंय, कधी, कुणासाठी? ते कळल्यावरच त्यांनी मजकूर वाचायला घेतला. विशेष म्हणजे त्या इतिहासकारांतले काही जण अमेरिकेच्या इतिहासाचे अभ्यासक नव्हतेच. निव्वळ माहितीच्या चाचणीत काही विद्यार्थ्यांनी त्यांच्यापेक्षा जास्त उत्तरं बरोबर दिली होती. तरीही समोरचा कागद कसा वाचायचा हे इतिहासकारांना कळत होतं आणि विद्यार्थ्यांना कळत नव्हतं. विद्यार्थ्यांना सर्वांत भरवशाचा वाटला तो पाठ्यपुस्तकातला उतारा.

दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. पाठ्यपुस्तकाचा आवाजच असा असतो की त्याला लेखक आहे हे जाणवत नाही. 'सैन्य पुढे सरकले, गोळीबार झाला.' कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, कुणी नाकारलं, यातलं काही वाक्यात उरत नाही.

मराठी वाचकाला हा फरक तसा परका नाही. बखर आणि समकालीन पत्र यांच्यातला भेद आपल्याकडे वि. का. राजवाड्यांनी हट्टानं मांडला. घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, ऐकीव माहितीवर आणि कुणाला तरी आवडावी म्हणून लिहिलेली बखर एकीकडे. त्या दिवसांत, कामापुरतं लिहिलेलं पत्र दुसरीकडे. राजवाड्यांनी वणवण करून जुनी दप्तरं मिळवली आणि १८९८ पासून ते हे कागद छापत गेले. बखर टाकून द्यावी असं मी म्हणणार नाही. पानिपतावर नेमके किती घोडे होते हे बखर नीट सांगू शकणार नाही, पण ती लिहिली गेली त्या काळच्या लोकांना पानिपताबद्दल काय वाटत होतं हे ती फार चांगलं सांगते. साधन खरं की खोटं एवढाच प्रश्न नसतो. ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतं, हाही असतो. पंधरा वर्षांच्या मुलीला हे एवढं उमगलं तर तिच्या हाती मोठी गोष्ट लागली.

सनावळीची बाजू घेऊन

सनावळ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेले आकडे परीक्षेनंतर आठवड्यातच विसरले जातात हेही खरं. तरीही मी सनावळीची बाजू घेणार आहे, कारण क्रम माहीत नसेल तर कारणमीमांसा करता येत नाही. जे नंतर घडलं ते आधीच्याचं कारण असू शकत नाही.

उदाहरण घ्या. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, व्यापाराचा खुश्कीचा मार्ग अडला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी उत्तरपत्रिकेत लिहिलेलं आहे. आता शेजारी आणखी दोन साल मांडा. पोर्तुगिजांनी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं सेउटा घेतलं १४१५ मध्ये. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर त्यांनी ओलांडलं १४३४ मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या कितीतरी आधी जहाजं दक्षिणेकडे सरकू लागली होती. मग त्यांना काय हवं होतं? आफ्रिकेतलं सोनं, गुलामांचा व्यापार, धर्मप्रसार, राजघराण्याची महत्त्वाकांक्षा अशी बरीच कारणं पुढे येतात. १४५३ पूर्णपणे बाद होत नाही, पण एकटं कारण म्हणून ते टिकतही नाही. दोन सालांनी एक पाठ केलेलं उत्तर उघडं पाडलं. आकडे पाठ करायचे ते अशा वापरासाठी.

'कारणे लिहा' हा प्रश्न खरं तर फार सुंदर आहे. आपण त्याची यादी करून टाकली आहे. पहिल्या महायुद्धाची पाच कारणं, प्रत्येकाला एक गुण. २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. त्या दिवशी त्याच्या गाडीच्या चालकानं चुकीचं वळण घेतलं, गाडी थांबली, आणि मारेकरी जवळच उभा होता. गाडी सरळ गेली असती तर महायुद्ध टळलं असतं का? हा प्रश्न वर्गात टाकून बघावा. कुणी म्हणेल, हो. कुणी म्हणेल, छे, दारूगोळा साठलेलाच होता, दुसरी ठिणगी पडली असती. मग कॅलेंडर उघडायचं. खुनानंतर बरोबर महिन्यानं, २८ जुलैला, ऑस्ट्रियानं सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. मधल्या पाच आठवड्यांत व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस, लंडन इथल्या माणसांनी एकामागून एक निर्णय घेतले, आणि त्यातला प्रत्येक निर्णय वेगळा घेता आला असता. कारणांना वजन असतं, ती एकमेकांत गुंतलेली असतात, आणि त्यांच्या मधोमध माणसाची निवड असते. 'सगळं अमक्यामुळे झालं' असं सांगणाऱ्यावर अशा वर्गातून बाहेर पडलेलं मूल चटकन विश्वास ठेवणार नाही.

त्यांना शेवट माहीत नव्हता

आपण इतिहास वाचतो तेव्हा निकाल माहीत असतो, आणि म्हणून मागची माणसं आपल्याला कधी मूर्ख वाटतात, कधी देव. दोन्ही चुकीचं. कोलंबसची गोष्ट बघा. पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या विद्वानांना त्यानं खोटं पाडलं, अशी समजूत अजूनही आहे. ती मुख्यतः १८२८ सालच्या, वॉशिंग्टन अर्व्हिंगनं रंगवून लिहिलेल्या चरित्रामुळे पसरली. पृथ्वी गोल आहे हे शिकलेल्या युरोपीय माणसाला शतकानुशतकं ठाऊक होतं. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसनं तिचा परीघही काढला होता. वाद अंतराचा होता. कोलंबसचा हिशेब चुकला होता आणि विरोधकांचा जवळपास बरोबर होता. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून त्याची माणसं उपाशी मेली नाहीत.

ही गोष्ट मला दोन कारणांसाठी आवडते. एक तर जुन्या काळची माणसं आपल्याइतकीच विचार करणारी होती हे तिच्यातून कळतं. दुसरं म्हणजे बरोबर माणूस जिंकतोच असं नाही, हेही कळतं.

नावांचंही असंच. १८५७ ला कुणी 'शिपायांचं बंड' म्हटलं, कुणी 'उठाव', कुणी 'स्वातंत्र्यसमर'. घटना तीच, पण नाव घेतलं की बाजू ठरते. वर्गात तिन्ही शब्द फळ्यावर लिहावेत आणि कोणता शब्द कुणी, केव्हा, का वापरला याचा शोध मुलांना घेऊ द्यावा. यात देशप्रेम कमी होईल ही भीती मला अनाठायी वाटते. तपासून पाहिलेला अभिमान जास्त टिकतो.

राजे आणि लढाया यांच्यापलीकडची माणसंही इथेच भेटतात. इजिप्तमध्ये राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं देर एल-मदिना नावाचं गाव होतं. तिथली इसवीसनापूर्वी तेराव्या शतकातली एक दगडी पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती चक्क हजेरीपट आहे. कोण कोणत्या दिवशी कामावर आला नाही आणि का, हे तिच्यावर लिहिलंय: आजारी होता, डोळे आले होते, विंचू चावला, बिअर गाळत होता, घरी कुणी वारलं होतं. बायकोची किंवा मुलीची पाळी आली म्हणून घरी राहिलेल्यांचीही नोंद आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो कारागीर एका ओळीत जिवंत होतो. आणि मग लक्षात येतं की या पाटीवर बायका आहेत त्या फक्त पुरुषांच्या गैरहजेरीचं कारण म्हणून. त्यांनी स्वतः काय लिहिलं असतं? कुणाच्या खुणा उरल्या आणि कुणाच्या उरल्या नाहीत, हा प्रश्न ज्या वर्गात निघतो तिथे मुलं आजच्या बातम्यांतही कोण बोलतंय आणि कुणाला कुणी विचारलंच नाही, हे बघू लागतात.

धडा घ्यावा का?

'इतिहासापासून धडा घ्यावा' हे वाक्य मला थोडं जपून वापरावंसं वाटतं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या तोंडावर आले, तेव्हा अध्यक्ष केनेडींच्या मनात १९१४ होतं. एका पाठोपाठ एक गैरसमज करत देश युद्धात कसे घसरत गेले, हे त्यांनी नुकतंच बार्बरा टकमन यांच्या पुस्तकात वाचलं होतं. ते सावध राहिले, समोरच्याला माघारीची वाट ठेवली. पण सहाच वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांनी इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांच्यात हिटलर-मुसोलिनी पाहिले होते. हुकूमशहापुढे नमायचं नाही हा तीसच्या दशकातला धडा त्यांनी नासेर यांनी ताब्यात घेतलेल्या सुएझ कालव्याच्या प्रश्नाला लावला, सैन्य पाठवलं, आणि काही आठवड्यांत नामुष्कीनं माघार घ्यावी लागली.

दोघांनीही इतिहासाचाच आधार घेतला. फरक असा की केनेडींनी त्यातून 'आपण कुठे चुकू शकतो' हे घेतलं, तर ईडननी आधीच ठरवलेल्या मताला एक साचा शोधला. भूतकाळाशी तुलना करताना साम्याबरोबर फरकही मांडायचे, ही सवय वर्गातच लागते. 'दोन घटनांमधील साम्य आणि भेद स्पष्ट करा' या प्रश्नातला 'भेद' हा अर्धा भाग म्हणून मी कधीच गाळणार नाही.

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. इतिहास शिकला म्हणजे माणूस आपोआप फसायचा थांबतो, असं नाही. वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये आणखी एक तुलना प्रसिद्ध केली. या वेळी इतिहासकार, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. अनेक इतिहासकारही चकचकीत मांडणीला भुलले. तपासनीस मात्र समोरचं पान वाचत बसले नाहीत. त्यांनी लगेच दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि हे संकेतस्थळ चालवतं कोण, बाकीचे त्याच्याबद्दल काय म्हणतात, हे आधी पाहिलं. म्हणजे प्रश्न जुनाच होता, तळाशी काय लिहिलंय हाच. तो नव्या जागी विचारायला मात्र मुद्दाम शिकावं लागतं. वर्गात जुन्या पत्राशेजारी आजची एखादी चित्रफीत ठेवून दोन्हीला तेच प्रश्न विचारले, तर ही सवय कागदावरून पडद्यावर जाते. नाही तर ती इतिहासाच्या वहीतच राहते.

नोकरीला काय उपयोग, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. वकिली, पत्रकारिता, संशोधन, प्रशासन अशा कामांत विखुरलेल्या, परस्परविरोधी कागदांतून सुसंगत म्हणणं तयार करावं लागतं, आणि ते तपासणाऱ्यापुढे टिकवावं लागतं. हे कौशल्य इतिहासाच्या वर्गात मिळतं. पण नोकरी नसती तरी मी हा विषय सोडला नसता. शाळेतून बाहेर पडल्यावर दोन-तीन वर्षांत ही मुलं मतदान करणार असतात.

शिक्षकांना यासाठी फार सामान लागत नाही. शाळेत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलेली एखादी छोटी घटना घ्यावी, समजा मैदानावरचं भांडण. दहा मुलांना एकमेकांशी न बोलता ते लिहायला सांगावं, आणि कागद भिंतीवर लावावेत. क्रम जुळत नाही, पहिला धक्का कुणी दिला याची चार उत्तरं येतात. दोघा-तिघांनी काही पाहिलेलंच नसतं, मित्राकडून ऐकलेलं असतं. एखाद्यानं आपल्या मित्राचं नाव सोयीनं गाळलेलं असतं. आणि कुठल्या तरी दोन कागदांवर एकच वाक्य शब्दशः सारखं सापडतं, चुकीसकट. मग ते एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलं की दोघांनी तिसऱ्या कुणाकडून ऐकलं, हे शोधायला सगळा वर्ग भिंतीपाशी गोळा होतो.